विक्रांतच्या बॉयलर रूममधले आबाजी: एका नोंदीचा शोध

माझे आबाजी नौदलात स्टोकर होते. जहाजाच्या पोटात, बॉयलरवर त्यांची ड्युटी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावापासून समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडे, तरी १९७१च्या लढाईत ते आयएनएस विक्रांतवर होते हे गावात लहानथोरांना ठाऊक होतं. कागदावर मात्र ते दाखवायला आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं. ती नोंद मिळवायला दीड वर्षाच्या आसपास लागलं. आपल्या भागात अशा बऱ्याच घरांत लोखंडी पेट्या पडून आहेत आणि त्या उघडायला कोणी धजत नाही, कारण पुढे नेमकं कुठे जायचं तेच कळत नाही. म्हणून सगळं जसं घडलं तसं, तपशिलासकट लिहिते आहे.

आबाजी मार्च २०२३ मध्ये गेले. तेरवी आटोपल्यावर बाबांनी पेटी उघडली. आत पांढरी टोपी, पीपीओची म्हणजे पेन्शनच्या आदेशाची घडी झिजलेली प्रत, लोणावळ्याचा एक फोटो आणि डिस्चार्ज बुक. पुस्तकाला वाळवी लागलेली होती. नेमकी ज्या पानावर कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं, त्या पानाचा खालचा अर्धा भाग भुगा झाला होता. वर ‘आयएनएस शिवाजी’ वाचता येत होतं. लोणावळ्याचं हे नौदलाचं इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण केंद्र, १९४५ पासूनचं. आबाजी १९६४ मध्ये भरती होऊन तिथेच बॉयलर शिकले. त्याखाली ‘वि’सारखं एक अक्षर, आणि मग भोक. मेडल कुठेच नव्हती. १९८०च्या दशकात आमच्या घराला आग लागली होती, त्यात ती गेली असावीत असं आजी म्हणते.

पहिलं काम आजीच्या फॅमिली पेन्शनचं होतं. ते थोडक्यात सांगते, कारण त्यावर माहिती बऱ्यापैकी मिळते. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या एका माजी हवालदार काकांनी कोऱ्या कागदावर यादी लिहून दिली: मृत्यू दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक, आजीचं आधार, पॅन, पासबुक, फोटो. अडचण नावाची निघाली. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत. नौदलाच्या रेकॉर्डमध्ये आजीचं सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं. या दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. स्टॅम्प, टायपिंग आणि नोटरी धरून साडेचारशे रुपये. एका बँकेने तेवढ्यावर समाधान न मानता सरपंचाचा दाखला, मग पोलीस पाटलाचा दाखला मागितला, त्यात उन्हाळा गेला. सप्टेंबरात पेन्शन थकबाकीसह सुरू झाली. ज्यांच्या घरी माजी सैनिक हयात आहेत त्यांनी आजच दोन्ही नावं, जन्मतारखा आणि स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरची नोंद ताडून बघावी. माणूस असताना एका सहीने होणारं काम नंतर फार लांबतं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतीत शिलाफलक बसणार होता. आबाजींचं नाव त्यावर आलं. मी ग्रामसेवकांना म्हटलं, नावापुढे विक्रांत लिहा. ते म्हणाले, “ताई, आम्हाला माहीत आहे, गावाला माहीत आहे. पण दगडावर कोरायचं तर कागद लागेल.” त्यांचं खरंच होतं. फलकावर नुसतं नाव लागलं. त्या रात्री आजी म्हणाली, “जहाजाचं नाव नाई टाकलं त्याईनं? मंग कागद आन ना वो माय. तू शिकलेली हायेस.”

खलाशांचं रेकॉर्ड ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं. हे कार्यालय मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला आहे. माहिती अधिकारात अर्ज करावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, त्यामुळे मोह होतो. पण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती नात मागते आहे म्हटल्यावर ती नाकारली जाऊ शकते. हवालदार काकांनी सरळ वाट दाखवली: अर्ज विधवा पत्नीच्या नावाने, तिच्या अंगठ्याने, सोबत तिची आणि त्यांची कागदपत्रं, आणि वर आबाजींचा सर्व्हिस नंबर ठळक. हा नंबर सगळ्यात मोलाचा. नुसतं नाव आणि गाव लिहून काही सापडत नाही. आमचा नंबर पीपीओवर होता. तुमच्याकडे पीपीओ नसेल तर जुन्या पासबुकात, मनिऑर्डरच्या पावतीत, जुन्या फोटोच्या मागे बघा. अर्ज ऑक्टोबरमध्ये स्पीड पोस्टाने गेला आणि आम्ही वाट बघत बसलो.

वाट बघण्याच्या त्या महिन्यांत मी विक्रांतबद्दल मिळेल ते वाचलं. आबाजींच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं आणि छापलेलं एकमेकांशी जुळवत गेले.

हे जहाज ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धासाठी घडवायला घेतलं होतं. १९४३ मध्ये टाईन नदीवरच्या विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत कणा बसला, नाव एचएमएस हर्क्युलिस. १९४५च्या सप्टेंबरमध्ये ते पाण्यात उतरलं तेव्हा युद्ध संपलं होतं. काम थांबलं आणि जहाज अर्धवट अवस्थेत वर्षानुवर्षं पडून राहिलं. १९५७ मध्ये भारताने ते विकत घेतलं, बेलफास्टच्या हारलँड अँड वूल्फने पुरं केलं, आणि ४ मार्च १९६१ला ते विक्रांत म्हणून नौदलात आलं. त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला मुंबईत पोचलं. भारताची पहिली विमानवाहू नौका.

आतमध्ये सगळा कारभार वाफेचा. चार बॉयलर, त्यांच्या वाफेवर फिरणारी टर्बाइनं, त्यांच्यावर दोन पंखे. ताकद चाळीस हजार हॉर्सपॉवर, वेग साडेचोवीस नॉट्स, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल. डेकवरून विमान फेकणारं कॅटापल्टही वाफेचंच. म्हणजे वर सी हॉक हे लढाऊ विमान उडालं की त्याची वाफ खालच्या माणसांनीच तयार केलेली असायची. आबाजी म्हणायचे, “उडवे पायलट, पन दम आमचा.”

जून १९७० मध्ये बॉयलरच्या पाण्याच्या ड्रममध्ये तडे सापडले. वेल्डिंगने भागण्यासारखे ते नव्हते. नवे ड्रम देशात मिळत नव्हते, ब्रिटनकडे मागणी गेली, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत बॉयलर पेटवायचे नाहीत असं ठरलं. जहाज मुंबईत उभं राहिलं. १९७१च्या मार्चमध्ये, नवे ड्रम आलेले नसतानाच, कमी दाबावर बॉयलर पुन्हा पेटवून चाचण्या झाल्या. दाब चौरस इंचाला ४०० पौंडांच्या वर न्यायचा नाही, वेग चौदा नॉट्सपर्यंत, अशी मर्यादा घालून घेतली गेली. विमानवाहू नौकेला ही मर्यादा जीवघेणी. विमान उडताना जहाज वाऱ्याच्या तोंडी जोरात पळवावं लागतं, म्हणजे पंखांखाली हवा मिळते. जहाजच हळू चाललं तर ती हवा आणायची कुठून?

तरीही कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली जहाज बंगालच्या उपसागरात गेलं. ४ डिसेंबर १९७१ला सकाळी अकराच्या सुमारास तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाझारपासून साठ सागरी मैलांवरून आठ सी हॉक उडाली. त्यानंतर चितगाव. तिकडची बंदरं आणि धावपट्ट्या बंद पडल्या. या कामगिरीसाठी जहाजावरच्या दोघांना महावीर चक्र आणि बारा जणांना वीर चक्र मिळालं.

वरचं हे सगळं पुस्तकात सापडतं. खाली, तडा गेलेल्या ड्रमसमोर, पन्नास अंशांच्या आसपासच्या उष्णतेत चार-चार तास उभे राहणारे जे होते त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलेलं आहे. माझा जीव तिथे अडकला होता.

ते काम कसं असतं हे मला थोडंफार ठाऊक होतं. नौदलातून १९७९ला आल्यावर आबाजी एका जिनिंगला लागून असलेल्या सरकीच्या तेल गिरणीत बॉयलर अटेंडंट झाले. शाळेला सुटी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायची. डब्याला हात लावायच्या आधी ते पाण्याची काच तपासत. बॉयलरच्या अंगाला उभी काचेची नळी असते, तिला तीन चाव्या: वरची वाफेची, मधली पाण्याची, खालची निचऱ्याची. आधी पाण्याची चावी बंद करून निचरा उघडायचे, वाफ फुसकन बाहेर यायची. मग वाफेची बंद, पाण्याची सुरू. पाणी उसळून यायचं. मग निचरा बंद करून दोन्ही उघडल्या की पाणी काचेत झपकन वर चढून आपल्या जागी थांबायचं. ते हळू चढलं तर कुठेतरी गाळ अडकलाय असं समजायचं. “काच खोटं दाखवते कधीकधी,” ते सांगायचे, “म्हनून तिले रोज विचारा लागते.” पाणी कमी आणि आग चालू राहिली तर बॉयलर फुटतो. हे त्यांनी मला सहावीत शिकवलं. विक्रांतवर तडे असताना ही काच किती वेळा विचारली असेल, हे मला आत्ता कळतं.

जानेवारी २०२४ मध्ये मानखुर्दहून पत्र आलं. रेकॉर्ड आहे; पण मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत, नात्याचा पुरावा आणि आजीचा अंगठा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर उठवलेला हवा. तहसीलमध्ये हे एका दुपारी झालं. आजीला घेऊन जाताना जेवायच्या सुटीची वेळ टाळा, आणि शाईचा पॅड घरून न्या. बोटांच्या रेषा शेतकामाने झिजलेल्या असतात, अंगठा नीट उठत नाही. थोडं खोबरेल लावून पुसून घेतलं की बरा उठतो.

कागद पाठवले. मार्च गेला, एप्रिल गेला. मधल्या काळात फोनवर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच कळायचं. या टप्प्यावर फार निराश वाटतं, कारण शेतीची कामं तोंडावर असतात आणि घरातले विचारतात की पेन्शन तर सुरू झाली, आता कशाला धावपळ. माझ्या बाबांनी मात्र एकदाही तसं म्हटलं नाही.

जूनमध्ये आजीचं अधिकारपत्र घेऊन मी स्वतः गेले. यवतमाळहून बसने धामणगाव रेल्वे, तिथून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस. स्लीपरचं तिकीट चारशे-साडेचारशेच्या घरात. सकाळी सीएसएमटीला उतरले आणि मानखुर्दची लोकल धरायच्या आधी लायन गेटकडे पायी गेले. तिथे रस्त्याच्या मधोमध विक्रांतचं स्मारक आहे, त्याच जहाजाच्या धातूतून केलेलं, २५ जानेवारी २०१६ला उघडलेलं. सकाळच्या गर्दीत त्याच्याकडे कोणी मान वळवून बघत नव्हतं. मी फुटपाथवर बराच वेळ उभी राहिले.

जहाज वाचवता आलं असतं का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. ३१ जानेवारी १९९७ला विक्रांत निवृत्त झालं. २००१ पासून मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुलं झालं. २०१२ला सुरक्षेच्या कारणाने बंद झालं, मग लिलाव झाला, साठ कोटींना. जतनासाठी लोक कोर्टात गेले. २०१४च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या दारूखाना या जहाजं तोडायच्या जागी कटिंग सुरू झालं. आबाजी तेव्हा टीव्हीसमोर बसायचे आणि बातमी आली की उठून अंगणात जायचे.

पोलादी जहाज पाण्यात ठेवून जपणं सोपं नाही. खाऱ्या पाण्यात तळ गंजत राहतो. काही वर्षांनी गोदीत घेऊन तो खरवडावा, पत्रे बदलावे, रंगवावा लागतो. दुर्लक्ष झालं की खर्च आवाक्याबाहेर जातो. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेतली, ती २००२ पासून उभी आहे. जपानने मिकासा ही वाफेची युद्धनौका योकोसुकाला काँक्रीटमध्ये बसवली. महायुद्धानंतर तिची पार दैना झाली होती, तरी दुरुस्ती करून १९६१ मध्ये ती पुन्हा उघडली. ती बांधली होती विकर्सनेच. आपल्याकडेही मुंबईच्या किनाऱ्यावर अशी जागा करता आली असती असं मला मनापासून वाटतं. निदान एक बॉयलर रूम तरी तशीच्या तशी ठेवायला हवी होती. पोरांनी तिथे उभं राहून बघायला हवं होतं की विमानं नेमकी कशाच्या जोरावर उडाली.

मानखुर्दला गेटवर मोबाईल जमा करावा लागतो, म्हणून सगळे नंबर आणि अर्जाच्या तारखा कागदावर लिहून न्या. मूळ आधार जवळ ठेवा, साडेनऊच्या आत पोचा. खिडकीवरच्या साहेबांनी सर्व्हिस नंबर विचारला आणि थोड्या वेळाने म्हणाले, “मॅडम, तुमचे आजोबा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे. उतारा तयार होईल, पोस्टाने येईल. आजींना सांगा, नोंद शाबूत आहे.” माझे डोळे भरून आले. ते काही बोलले नाहीत, पाण्याचा ग्लास पुढे केला.

उतारा ऑगस्टमध्ये आला. साधा टाईप केलेला कागद, गोल शिक्का. भरती १९६४, आयएनएस शिवाजी, मग दोन लहान जहाजं ज्यांचं नावही त्यांनी कधी घेतलं नव्हतं. पाचव्या ओळीवर ‘विक्रांत’, १९६९ ते १९७३. म्हणजे तडे सापडले तेव्हा, जहाज मुंबईत उभं होतं तेव्हा, पुन्हा पेटवलं तेव्हा आणि कॉक्स बाझारलाही ते तिथेच होते. वर्तणुकीच्या रकान्यात दरवर्षी ‘व्हीजी’, व्हेरी गुड. खाली हक्काची पदकं: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक.

आजीला वाचता येत नाही. मी ती ओळ बोट ठेवून दाखवली. तिने आपलं बोट त्यावर ठेवलं आणि विचारलं, “हेच का त्याईचं जहाज? केवढंसं लिवलं.” मग म्हणाली, “त्या सालीच तुहा बाबा झाला. तीन मयने पत्र नव्हतं.” ही गोष्ट आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा १९७१च्या डिसेंबरबद्दल बोलली: पोस्टमन दिसला की ती विहिरीकडे निघून जायची, तार आली तर आपल्या हातात नको म्हणून. मी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. उतारा मागवलात तर तो आल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर बसून वाचा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. तारखा समोर आल्या की आठवणी आपोआप निघतात.

जुन्या डिस्चार्ज बुकचं काय करावं हेही बऱ्याच जणांनी विचारलं. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने जुना कागद कायमचा बिघडतो आणि ते परत निघत नाही. सेलोटेपही नको. आम्ही मऊ ब्रशने भुगा काढला, पानांमध्ये टिपकागद घालून आठवडाभर सावलीत ठेवलं, प्रत्येक पानाचे उजेडात फोटो काढले आणि पुस्तक कोऱ्या कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलं. डबा भिंतीला आणि जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी तिथूनच येते. साध्या कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबू नका, दर दोन महिन्यांनी उघडून बघा.

मेडलचा अर्ज स्वतंत्र आहे. गहाळ झाल्याचा पोलीस स्टेशनचा दाखला, कशी गेली याचं प्रतिज्ञापत्र आणि उताऱ्याची प्रत लागली. आगीला चाळीस वर्षं होत आली, त्यामुळे ठाणेदार साहेबांना समजावून सांगायला वेळ लागला, पण दाखला मिळाला. तो अर्ज डिसेंबरमध्ये गेला असून उत्तर अजून यायचं आहे. ग्रामपंचायतीने मात्र उताऱ्याची प्रत घेऊन ठराव केला आहे, फलकावर नावाखाली ‘आयएनएस विक्रांत, १९७१’ कोरलं जाईल. कोरणाऱ्याचे सहाशे रुपये बाबांनी भरले.

सध्या मी शेजारच्या गावातल्या एका काकूंचे कागद बघते आहे. त्यांचे मालक आयएनएस दिल्लीवर होते, पीपीओ सापडत नाही. जुन्या पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेला एक आकडा दिसतो आहे, तो सर्व्हिस नंबरच असावा. सोमवारी यवतमाळला जाऊन हवालदार काकांना दाखवणार आहे.